पांढरीची टिकटिक

आमच्याकडे तीन गाड्या होत्या आणि तिघींचे आवाज मला तोंडाने काढता येतात. गाड्या आता नाहीत. आवाज आहेत.

लाल गाडी सकाळी चालू होताना एकदा शिंकायची, मग दिवसभर गप्प. निळीच्या इंजिनातला पट्टा कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटायचा, पण फक्त डावीकडे वळताना. उजवीकडे तिचं काही म्हणणं नसायचं. आणि पांढरी, सगळ्यात म्हातारी, ती खिर्रर्र, खिर्रर्र, धप्प करून उठायची आणि मग टिकटिक, टिकटिक, टिकटिक. बंद करेपर्यंत.

मी दहावीपर्यंत मुरबाडला मामाकडे शिकलो. शाळेची भिंत एसटी स्टँडला चिकटलेली, त्यामुळे गणिताच्या तासाला मला त्रिकोणापेक्षा गिअर जास्त ऐकू यायचे. गणितात पस्तीस पडले, पण एसटी घाटात दुसरा टाकताना कशी कण्हते ते मी झोपेत काढून दाखवेन. पुढे डोंबिवलीला आलो आणि बारशाला, वाढदिवसाला, हळदीला मिमिक्री करायला लागलो. मानधन म्हणून बहुतेक ठिकाणी जेवण असतं. काही ठिकाणी स्वीट डिश नसते.

पप्पांचं डोंबिवली वेस्टला मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. एकोणीस वर्षं लोकांच्या डावीकडे बसून बसून त्यांचा उजवा खांदा जरा वर आलाय. आईसुद्धा तिथेच शिकवते, लेडीज बॅच. ती स्वतः पस्तिशीत शिकली आणि सहा वर्षांपूर्वी पप्पांनी तिला बॅच दिली, सोबत पांढरी दिली. पांढरी दिली कारण ती दुसऱ्या कोणाला द्यायच्या लायकीची नव्हती. पप्पांना माझी मिमिक्री आवडत नाही. गाड्या होत्या तोपर्यंत त्यांनी मला एकच फर्माइश केलेली. "कधीतरी माणसासारखा आवाज काढ."

तर गाड्या कशा गेल्या ते सांगतो.

आम्ही कोपरला राहतो, खाडीच्या बाजूला. आमच्या गल्लीत कोणाची हळद असली की अख्खी गल्ली मांडवाखाली जाते आणि गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या गाड्या काढायच्या असतात. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहितीच असतं. पण मे महिन्यातल्या त्या हळदीला नवरदेवाची आत्या स्वतः आमच्या दारात आली. ही आत्या मार्केटात मासळी विकते आणि आईच्या बॅचला होती. तिला स्वतःचा टेम्पो स्वतः चालवत बंदरावर जायचं होतं.

"मास्तर," ती पप्पांना बोलली, "रातचे फटाके हान. गाऱ्या लांब लावा. ठिनगी परंल."

बाकीच्या लोकांनी गाड्या पुढच्या गल्लीत नेल्या. तिथे दोन दुचाकींवर ठिणग्या पडल्या आणि सीटला शेंगदाण्याएवढी भोकं पडली. पप्पा शिस्तीचे. त्यांनी गाड्या खरोखर लांब लावल्या. खाडीकडच्या मोकळ्या जागेत, ओळीने, लाल, निळी, पांढरी, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये. आजूबाजूला कंबरेएवढं वाळलेलं गवत होतं. ठिणगी तिथपर्यंत येऊच शकत नव्हती. रॉकेट येऊ शकत होतं.

आम्ही जेवत होतो. मटण चांगलं झालेलं. खाडीकडे आभाळ लाल झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. पप्पा बोलले, "यंदा खर्च केलाय." मग वास आला.

दुसऱ्या दिवशी तिथे तीन सांगाडे उभे होते. हँडब्रेक ओढलेले होते, ते दिसत होतं. इन्शुरन्स तिघींचा थर्ड पार्टीच. म्हणजे आमच्या गाडीने दुसऱ्याला जाळलं असतं तर पैसे आले असते.

मग आठवडाभर लोक भेटायला आले. खाली मान घालून बसायचे, पाणी प्यायचे, "कोणती आधी गेली?" विचारायचे. एका काकूने घरून पिठलं-भाकरी आणली, कारण आमच्या घरात चूल पेटली नसेल असं तिला वाटलं. चूल पेटलेली होती, पण पिठलं चांगलं होतं म्हणून आम्ही काही बोललो नाही. नवरदेवाच्या घरचे सगळे मिळून आले. काही न बोलता पप्पांच्या हातात एक पाकीट ठेवून गेले. आत्या मागे थांबली. आईला बोलली, "बाय, आमच्या फटाक्यानी तुजी गारी गेली. तोंड दाखवाला नाय मला."

आई बोलली, "असू द्या हो."

"पन माजे चार दिस बाकी हान."

"काय?"

"शिकवनीचे. पंधरातले चार. ते कवा घेशील?"

आईला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

पाकीट, घरातली शिल्लक आणि भंगारवाल्याने तीन सांगाड्यांचे दिले ते, असं सगळं मिळून साडेतीन लाख जमले. तीन गाड्या गेलेल्या आणि साडेतीन लाख. इथून घरात दोन पक्ष पडले.

पप्पांचं मत, एकच घ्यायची पण चांगली. "आता पोरांना डिकीवाली मोठी गाडी लागते. एकोणीस वर्षं डबडी चालवली. एक नीट घेऊ."

आईचं मत, दोन घ्यायच्या. लहान, जुन्या, पण दोन.

"एकीत भागेल ना," पप्पा बोलले. "सकाळी ऑफिसवाले, मग कॉलेजवाले. दुपारी दोन ते चार गाडी तुझी."

"दोनला शाळा सुटते. माझ्या बायका दोनला पोरांना आणायला जातात."

"मग चार ते सहा."

"चार ते सहा तुमची ती बँकवाली बॅच."

"मग तसंही तुझी बॅच..." पप्पा बोलले आणि थांबले. पुढचा शब्द 'लहानच आहे' असा होता हे आम्हा तिघांना कळलं. आई उठून आत गेली आणि स्वयंपाकघरातून तिने मोजून सांगितलं, "अकरा जणी." मग भांडी लावण्याचा आवाज आला. तो आवाज मला काढता येतो, पण घरात कोणी ऐकून घेत नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. एक गाडी आली तर आईचं शिकवणं संपलं. कोणी तसं बोलत नव्हतं. पप्पा "पुढच्या वर्षी तुझी घेऊ" बोलत होते, आणि आमच्या घरात पुढच्या वर्षी घ्यायच्या वस्तूंमध्ये मी आठवीत असल्यापासून एक वॉशिंग मशीन आहे.

गाड्या बघायला आम्ही तिघं जायचो, पण पारखायला कळव्याचे मिस्त्रीकाका लागायचे. तिन्ही गाड्या एवढी वर्षं त्यांच्याच हाताखाली होत्या. नेमकं त्याच महिन्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ते बेडवर, पाय उशीवर. "फोन लाव आणि बॉनेटजवळ धर," ते बोलले. "मी कानाने सांगतो."

पहिली गाडी कल्याणला बघितली. मी फोन बॉनेटमध्ये धरला.

"इंजिन चालू कर," मिस्त्रीकाका बोलले.

"चालूच आहे काका."

"मला तर फक्त तुझा श्वास ऐकू येतोय. दमलायस का?"

आम्हाला तेव्हा कळलं की फोनला अक्कल आलीये. तो माणसाचा आवाज ठेवतो आणि बाकीचा कचरा समजून फेकून देतो. इंजिन म्हणजे त्याच्या हिशेबाने कचरा. काकांनी कान बदलून बघितला, आम्ही फोन बदलून बघितला. शेवटी मी वैतागून तोंडानेच सांगितलं, "काका, असं करतेय ती. घुर्रर्र, घुर्रर्र, फस्स, घुर्र."

मग काका बोलले, "परत कर."

मी केलं.

"जरा रेस दे."

मी रेस दिली. माझी.

"इंजेक्टर गेलेत. सोडा."

एजंटचा चेहरा उतरला. त्याने बॉनेट बंद केलं आणि मला विचारलं, "भाई, तुम्ही कुठे असता कामाला?"

तेव्हापासून पद्धत ठरली. मी गाडी ऐकायची, फोनवर काढायची, काका निकाल देणार. ते मला 'पोपट' बोलायला लागले. पप्पा मी सुरू झालो की दहा पावलं लांब जाऊन उभे राहायचे आणि रस्त्यावरच्या होर्डिंगकडे बघायचे.

शीळ रोडला सेकंडहँड गाड्यांची रांगच्या रांग आहे. तिथे मला कळलं की ठाणे जिल्ह्यातली प्रत्येक जुनी गाडी ही एका डॉक्टरची असते. डॉक्टर ती फक्त रविवारी काढायचे. जी डॉक्टरची नसते ती 'लेडीज ड्रिव्हन' असते.

"मॅडम, लेडीज ड्रिव्हन आहे," एक एजंट आईला बोलला. "एकदम हळू चालवलेली."

"अच्छा," आई बोलली. "म्हणजे क्लचप्लेट बदलली असेल."

आपलं गिऱ्हाईक कोण आहे ते एजंटला कळलेलं नव्हतं. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला. आई फिरून पलीकडे गेली आणि डावीकडे बसली.

"मॅडम, स्टेअरिंग इकडे आहे."

"माहितीय. मी इकडे बसते."

आईची गाडी बघायची पद्धत ही. ती डावीकडे बसायची, सीट पुढे ओढायची आणि डोळे मिटून उजवा हात टाकायची. हँडब्रेक पहिल्या झटक्यात हाताला आला पाहिजे. मग हात स्टेअरिंगपर्यंत, अर्धवट उठल्याशिवाय. मग पायाखाली चाचपायची, दुसरा ब्रेक आणि क्लच बसवायला जागा आहे का. रंग, टायर, टेप, काही बघायची नाही. एकदा तर उतरल्यावर तिला विचारलं गाडी कोणत्या रंगाची होती, तर तिला सांगता आलं नाही. असं करून तिने शीळ रोडच्याच एका कोपऱ्यात दोन हॅचबॅक काढल्या, एक राखाडी, एक हिरवी. हिरवीचा असा हिरवा रंग होता की तो बनवणाऱ्याने पुन्हा बनवला नसेल. दोन्ही मिळून तीन लाख दहा. आवाज मी काढले. काका बोलले, "म्हाताऱ्या आहेत, पण खोकला नाय. चालतील."

तिथेच पप्पांना चंदेरी दिसली.

लांब, डिकीवाली, डिकीवर एक बारीक ओरखडा, आतून कपड्याच्या दुकानासारखा वास. तीन लाख चाळीस. पप्पा स्टेअरिंगवर बसले. त्यांनी आरसा नीट केला. मग काच खाली करून कोपर बाहेर ठेवलं आणि तसेच बसले. एकोणीस वर्षं डावीकडे बसणारा माणूस उजवीकडे असा बसलेला मी पहिल्यांदा बघत होतो. खरं सांगायचं तर ते चांगले दिसत होते. आई जरा लांब, हिरवीच्या सावलीत उभी होती. ती डावीकडे बसायला आलीच नाही. तिचा फोन वाजत होता, आत्याचा असणार, आणि ती उचलत नव्हती.

"चालू करा," मी बोललो.

पप्पांनी चालू केली. मी बॉनेटवर कान ठेवला. आवाजच नव्हता. म्हणजे होता, पण कोणीतरी लांब दुसऱ्या खोलीत शिलाई मशीन चालवतंय तेवढा. मी पाच मिनिटं ऐकलं. एकही खोट नाही. एवढी चांगली गाडी मी ऐकलेलीच नव्हती.

"लाव काकांना," पप्पा बोलले. या वेळी ते उतरून दहा पावलं लांब गेले नाहीत. "स्पीकरवर टाक."

मी फोन लावला. स्पीकरवर टाकला. माझ्यासमोर पप्पा, त्यांच्या मागे एजंट, त्याच्या मागे आई, फोन तिच्या हातात, अजून वाजतोय.

"हां पोपट," काका बोलले. "बोल."

मी तोंड उघडलं आणि शिलाई मशीनचा आवाज काढायला लागलो. खरंच लागलो. पण दोन सेकंदांनी त्याच्याखालून आपोआप एक टिकटिक निघाली. बारीक. टिकटिक, टिकटिक. मग मी ती थोडी वाढवली. मी खोटं काही बोललो नाही. माझ्या तोंडातून एकही शब्द गेला नाही, हे मी आजही कोर्टात सांगू शकतो.

"परत काढ," काका बोलले.

मी काढला. मला घाम आलेला. पप्पा बॉनेटकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत बॉनेटकडे.

"गाडी शिकवायला घेताय ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"कोण शिकवणार हिच्यावर?"

"पप्पा."

"आणि वहिनी?"

आईचा फोन वाजायचा थांबला.

"मास्तर, ऐकताय ना?" काका बोलले. "सोडा ही. हिच्या टिकटिकीचं मी काही करू शकणार नाय."

एजंट उसळला, "कुठे टिकटिक? साहेब, कुठे टिकटिक आहे? आवाज ऐका ना गाडीचा!" तो अगदी खरं बोलत होता. आयुष्यात एखाद्या सेकंडहँड गाडीच्या एजंटवर अन्याय करायची संधी मला भेटली आणि मी ती घेतली. पप्पांनी इंजिन बंद केलं, काच वर केली, किल्ली त्याच्या हातात दिली. "आमचा मिस्त्री नाही बोलला तर नाही," ते बोलले. उतरताना त्यांनी आरसा परत होता तसा करून ठेवला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. फक्त मला.

"काय रे. ती टिकटिक मी सहा वर्षं काढायला बघत होतो. दोनदा इंजिनचं हेड खोललं. मला ओळखू येणार नाय काय?"

"सॉरी काका."

"पांढरी बरी काढलीस. शेवटी जरा घाई केलीस." आणि फोन ठेवला.

दोन गाड्या घेतल्या. पप्पा आठ दिवस कमी बोलत होते. राखाडी त्यांनी घेतली, हिरवी आईला. काकांनी वॉकर धरून येऊन, खुर्चीवर बसून, दोन्हीत डावीकडचे पेडल बसवून घेतले. लेडीज बॅच परत सुरू झाली. आत्याचे चार दिवस नऊ दिवस चालले. तिला क्लच सोडायचा धीर नव्हता, आणि आई ओरडली की ती आईवर ओरडायची, "थांब गो, सोरतंय ना!" अख्ख्या कोपरने त्या दोघींना ऐकलं. कल्याणच्या टेस्टला आत्या पहिल्या फटक्यात पास झाली आणि तिथल्या साहेबाला पापलेट देऊ का विचारत होती. आईने तिला दंडाला धरून बाहेर आणलं. आता ती पहाटे टेम्पो घेऊन जाते. आमच्या दारासमोर आली की हॉर्न मारते, आणि शुक्रवारी कोळंबी.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

दिवाळीच्या आधी एका पोराला टेस्टला घेऊन गेलेलो. येताना तो चालवत होता, पप्पा डावीकडे, मी मागे. पत्री पुलावर जॅम. काचा खाली. आणि आमच्या उजवीकडे, हाताच्या अंतरावर, चंदेरी येऊन उभी राहिली. तीच. डिकीवर तोच ओरखडा. डोक्यावर दुसऱ्या कुठल्या तरी मोटार ट्रेनिंगचा बोर्ड.

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या पोराच्या पुढून वाकून कान तिकडे केला.

"बंद आहे काय ही?"

"चालू आहे पप्पा," मी बोललो. धूर दिसत होता, नाही बोलून उपयोग नव्हता.

पप्पा सरळ बसले. समोर बघत बोलले, "काढ तो आवाज."

"कुठला?"

"काकांना काढून दाखवलेला."

त्यांची आयुष्यातली दुसरी फर्माइश. मी काढला. पुढे टँकर होता, त्याच्या मागे लिहिलेलं सगळं मी तेवढ्यात दोनदा वाचलं.

"ही तर पांढरी," पप्पा बोलले.

जॅम दोन गाड्यांएवढा पुढे सरकला. पोराने क्लच सोडला, गाडीने उडी मारली, पप्पांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. सवयीने, न बघता.

"आईला माहितीय?"

"नाही."

"काकांना?"

"त्यांना तेव्हाच कळलं."

चंदेरी पुढे गेली. पप्पा तिच्याकडे बघत राहिले, ती टँकरच्या आड जाईपर्यंत. मला वाटलं आता उतरवतील पुलावर. डोंबिवली तिथून चालत कितीशी लांब आहे याचा मी अंदाज घेत होतो.

"सुरुवातीपासून काढ," पप्पा बोलले. "चालू होताना काय करायची ती?"

मी काढलं. खिर्रर्र, खिर्रर्र, धप्प. टिकटिक, टिकटिक.

"हां." त्यांनी मान हलवली. "आता निळी."

निळी काढली. डावीकडे वळवून दाखवली.

"लाल."

लाल शिंकली, तेवढ्यात स्टेअरिंगवरच्या पोराने दोन्ही हात घट्ट धरले. त्याच्या कानामागून घाम येत होता.

"सर," तो बोलला, "गाडीतून काहीतरी आवाज येतोय."

"येऊ दे," पप्पा बोलले. "तू समोर बघ. क्लच दाब."